एक पद, दोन राग

आवडता गायक कोण, असं विचारलं की कुणीही पटकन नाव सांगतो. भीमसेन, किशोरीताई, वसंतराव, मालिनीताई. आवडता रचनाकार कोण, असं विचारलं की तोच माणूस थबकतो. आपल्या शास्त्रीय संगीतात रचना करणारा गाणाऱ्याच्या मागे उभा असतो. मैफलीत रागाचं नाव सांगतात, तालाचं सांगतात, तबल्या-पेटीच्या साथीदारांचं सांगतात. बंदिश कुणाची, हे पुष्कळदा राहूनच जातं. म्हणून सोमेश्वरनगरला आम्हा काही ऐकणाऱ्या मंडळींत हा प्रश्न निघाला, तेव्हा त्यावर बोलण्यात संध्याकाळ सरली तरी कुणी उठेना.

कुणी साखर कारखान्यात नोकरी केलेला, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी उसाचं रान सांभाळून गाणं ऐकणारं. एकाने थेट सदारंगांचं नाव घेतलं. दिल्लीच्या महंमदशाह रंगील्याच्या दरबारातले नियामत खाँ. त्यांनी आपली मुद्रा ख्यालात अशी गुंफली, की अठराव्या शतकातला तो माणूस आजच्या गायकाच्या तोंडून अजूनही आपलं नाव सांगतो. दुसऱ्याने ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित सांगितले आणि त्यांच्या जोगकंस रागाबद्दल तो भरभरून बोलला. शिकवणाऱ्या ताईंनी ‘सुजान’ निवडले: श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, ‘अभिनव गीतमंजरी’चे कर्ते. त्यांची चीज पाठ झाली की राग कुठून कुठे जातो ते वेगळं शिकवावं लागत नाही, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. आणखी एकाने कुमार गंधर्व सांगितले. 1965 साली मौजेने काढलेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये माळव्यातल्या लोकधुनांमधून निघालेले राग आहेत, आणि मधसुरजा रागातल्या एका बंदिशीत बळी द्यायला नेल्या जाणाऱ्या शेळीचा आकांत आहे. ख्यालाच्या शब्दांत असा विषय येणं ही केवढी गोष्ट आहे, असं तो म्हणाला. मी पंडित जितेंद्र अभिषेकींचं नाव घेतलं आणि त्यांचं एकच पद सांगितलं. इथे मला त्या एका पदाबद्दल नीट लिहायचं आहे.

आधी आमच्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे पद ऐकायला लागणारा कान इथे पूर्वीपासून आहे. आषाढीच्या वाटेवर सासवडहून निघालेली संत सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगरला मुक्कामी असते. दिंड्या उतरतात, जागोजागी टाळ-पखवाज सुरू होतात, आणि एकाच रात्रीत एकच अभंग दोन वेगवेगळ्या चालींत कानावर पडतो. बाया-माणसं सहज बोलतात: ह्या दिंडीची चाल साधी, त्या दिंडीची चाल उंच. करंजेच्या सोमेश्वराला श्रावणात भजनी मंडळं बसतात तिथेही तेच. अभंग तुकोबांचा की ज्ञानोबांचा हे सगळ्यांना ठाऊक असतंच. चर्चा होते ती चालीची. शब्द तेच राहतात आणि चाल बदलली की अर्थाचा कोन बदलतो, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. रचनाकार म्हणजे दुसरं काय? शब्दाला चाल देऊन त्याचा कोन ठरवणारा.

अभिषेकीबुवांचं ते पद ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातलं, ‘घेई छंद’. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नाटक लिहिलं, पदही त्यांचंच. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने 1967 च्या डिसेंबरात ते रंगमंचावर आणलं. गोष्ट ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका संस्थानात दरबारी गायकाच्या मानासाठी दोन गायकांचा सामना होतो, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. पंडितजी हरतात. दरबारी गायकाची हवेली आणि मानाची कट्यार खाँसाहेबांकडे जाते. पंडितजींची विद्या घ्यायला आलेला सदाशिव नावाचा तरुण मग त्याच हवेलीत राहून, जमेल तसं आणि जमेल तेव्हा, खाँसाहेबांचं गाणं कानात साठवू लागतो. दोन घराणी, दोन गायकी, आणि मधे उभा असलेला एक शिष्य, असं हे नाटक आहे.

आता संगीतकारापुढचा प्रश्न बघा. दोन गायकी वेगळ्या आहेत असं संवादात लिहिणं सोपं. पण थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला ते कानाने पटायला हवं, आणि त्या माणसाला घराण्यांचा अभ्यास असेलच असं नाही. अभिषेकीबुवांनी वाट काढली ती अशी: एकच पद घ्यायचं, शब्द तेच, आणि त्याला दोन रागांत दोन चाली द्यायच्या. एक धानी रागात, प्रसाद सावकारांच्या आवाजात. ती पंडितजींची गायकी. दुसरी सालगवराळीत, वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात, ती खाँसाहेबांची. शब्द सारखे ठेवल्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष फरकावर जातं. पालखीतल्या दोन दिंड्यांची चाल ताडून बघणारा आमचा माणूस इथे लगेच घरचा होतो.

आधी शब्द पाहू. पद आहे भुंग्याचं. त्याला मधाचं वेड आहे, तो आपल्याच नादात धुंद आहे. मग संध्याकाळी कमळ मिटतं आणि भुंगा आत अडकतो. तरी त्याचा ध्यास सुटत नाही. आत कोंडलेला असतानाही तो गुणगुणतच राहतो. कमळात अडकलेला भुंगा संस्कृत सुभाषितांचा जुना सोबती आहे. तिथे तो उद्या सकाळी कमळ उमलेल म्हणून वाट बघत राहतो आणि तेवढ्यात हत्ती येऊन कमळच उपटून नेतो. आशा करत बसणाऱ्याची ती फजिती आहे. दारव्हेकरांनी हत्ती येऊच दिला नाही. त्यांच्या भुंग्याला सुटकेची आशा नाही आणि मरणाची भीतीही नाही, फक्त गुंजन आहे. जुन्या प्रतिमेचं एवढं एक टोक छाटल्यामुळे ते सुभाषित कलावंताचं गाणं झालं. आणि हवेलीच्या भिंतींत राहून परक्या गायकीचे सूर टिपणारा सदाशिव आठवला, की कमळात अडकलेला तो कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

शब्दांचा नादही तितकाच विचारपूर्वक आहे. ध्रुवपदात अनुस्वारानंतर ‘द’ असलेले शब्द एकामागून एक येतात. हा ‘न्द’ तोंडाने उच्चारून बघा. आधी आवाज नाकात घुमतो, मग जीभ दातांमागे टेकून सुटते. घुमणं आणि सुटणं, पुन्हा घुमणं आणि सुटणं. भुंग्याचा आवाज अर्थात यायच्या आधी अक्षरांत आलेला आहे. गायकाला तर ही सोयच: अनुस्वारावर स्वर धरून ठेवता येतो, घुमवता येतो, आणि ‘द’वर ठामपणे सोडता येतो.

अशी अक्षरांची कारागिरी आमच्या मुलखाला नवी नाही. मोरोपंत बारामतीचे. 1729 ते 1794 या आयुष्यातला मोठा काळ त्यांनी बारामतीत काढला, आर्या लिहिल्या, यमकांचे डोंगर रचले. हरिदासी कीर्तनात त्यांच्या आर्यांना पिढ्यान् पिढ्या मान आहे. अभिषेकीबुवांचे वडील मंगेशीचे कीर्तनकार होते, म्हणजे बुवांचं बालपण याच परंपरेत गेलं. मोरोपंतांनी रामायण नाना तऱ्हांनी रचलं. त्यातलं एक आहे ‘निरोष्ठ रामायण’. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरंच नाहीत. विचार करा, ज्या कथेच्या नायकाचं नावच ‘म’ने संपतं, ती कथा ‘म’शिवाय सांगायची. त्यामुळे कवीला रामाला दरवेळी वेगळ्या नावाने बोलवावं लागतं, ओळखीचा शब्द टाळून अनोळखी वाटेने जावं लागतं, आणि त्या वाटेवर भाषेचं एक निराळंच रूप दिसतं.

राग हे असंच बंधन असतं. कुठले स्वर घ्यायचे याइतकंच कुठले वर्ज्य करायचे यावर राग उभा असतो. आणि योगायोग असा, की सालगवराळीत वर्ज्य आहे तो मध्यमच. मोरोपंतांनी ‘म’ सोडून रामायण लिहिलं, अभिषेकीबुवांनी ‘म’ सोडून भुंग्याचं पद बांधलं. अक्षरातला ‘म’ वेगळा आणि सुरातला वेगळा, पण बंधनातून वाट काढणारी बुद्धी एकाच जातीची.

आता पदाच्या आत शिरायचं तर पेटी जवळ घ्या. प्रत्येक गावाच्या भजनी मंडळात ती असतेच. पांढरी एकला सा धरा. धानीचे स्वर असे: सा पांढरी एक, कोमल गंधार काळी दोन, मध्यम पांढरी चार, पंचम पांढरी पाच, कोमल निषाद काळी पाच. ऋषभ नाही, धैवत नाही. पाचच स्वर, म्हणून औडव जातीचा राग. वर जा, खाली या, दोन-चार वेळा बोट फिरलं की राग ओळखीचा वाटू लागतो. भीमपलासाच्या घरचा हा सूर. आपल्याकडच्या कितीतरी भजनांना तो जवळचा आहे.

आता सालगवराळी. सा तोच, पांढरी एक. कोमल ऋषभ काळी एक. कोमल गंधार काळी दोन. मध्यम नाही, म्हणून गंधारावरून थेट पंचमावर, पांढरी पाचवर. मग शुद्ध धैवत पांढरी सहा आणि कोमल निषाद काळी पाच. तोडीच्या वळणाचा, दक्षिणेकडून आपल्याकडे आलेला राग. सा, ऋषभ आणि गंधार अगदी खेटून बसलेले, मग एक मोठी उडी, मग पंचम, धैवत आणि निषाद पुन्हा जवळ-जवळ.

दोन्ही राग कागदावर एकाखाली एक लिहा. सा, कोमल गंधार, पंचम, कोमल निषाद हे चार स्वर दोन्हींत आहेत, जागाही त्याच. म्हणजे घराचे चार खांब एकच. फरक आहे तो दोन खांबांच्या मधल्या जागेत. धानीत सा आणि गंधार यांच्यामध्ये काही नाही. सालगवराळीत तिथे कोमल ऋषभ आहे. धानीत पंचम आणि निषाद यांच्यामध्ये काही नाही. सालगवराळीत तिथे धैवत आहे. आणि सालगवराळीत गंधार आणि पंचम यांच्यामध्ये रिकामं आहे, तिथे धानीचा मध्यम बसलेला आहे. धानीला जे दोन स्वर वर्ज्य आहेत तेच सालगवराळीने घेतले, आणि सालगवराळीला जो एक वर्ज्य आहे तो धानीपाशी आहे. दोन्ही एकत्र केले तर सातही स्वर पुरे होतात, एकही कमी नाही आणि एकही दोनदा वेगळ्या रूपात नाही.

मला या पदात सगळ्यांत थोर वाटतं ते हे. दोन गायकींचा झगडा दाखवायला दोन कुठलेही वेगळे राग घेता आले असते. एक दिवसाचा एक रात्रीचा, एक सगळे स्वर शुद्ध असलेला एक सगळे कोमल असलेला, असा ठळक विरोध कुणालाही सुचला असता आणि प्रेक्षकांनाही कळला असता. पण तेव्हा दोन गायकींचा एकमेकींशी संबंधच उरला नसता. इथे पाया एक आहे, आणि प्रत्येकीकडे नेमकं तेच आहे जे दुसरीकडे नाही. नाटकातले दोघे गायक हे जाणत नाहीत. सदाशिव जाणतो, म्हणून त्याला दोन्ही हवं आहे. नाटकाचं सगळं म्हणणं असं स्वरांच्या निवडीत बसलेलं आहे, आणि संगीताचं शास्त्र न जाणणाऱ्या प्रेक्षकाच्या कानापर्यंतही ते पोचतं. त्याला एवढंच जाणवतं, की हे गाणं तेच आहे आणि तरीही तेच नाही.

दोन्ही चालींचा स्वभाव पाहू. धानीत सावरून, समजावून सांगण्याचा गुण आहे. गंधार आणि निषाद हे त्याचे मुख्य स्वर, आणि मध्यमाच्या आधारामुळे मधल्या सप्तकात स्वर सहज पुढे सरकतात. प्रसाद सावकारांनी हे पद गाताना शब्दांना जागा दिली आहे. भुंगा, मध, कमळ ही एकेक गोष्ट कानाला स्पष्ट दिसते. सूर शब्दाला हाताशी धरून नेतो. पंडितजींच्या विद्येतलं सात्त्विक वळण, गुरूने शिष्याला दिलेली शिस्त, या चालीत उतरली आहे. या भुंग्याला कमळाचं बंद होणंही मान्य आहे. तो आत बसून शांतपणे गुणगुणतो.

सालगवराळीतला भुंगा वेगळा. सा, ऋषभ, गंधार एवढ्या जवळ असल्यामुळे खालच्या बाजूला स्वर एकमेकांवर रेलतात, तोडीच्या अंगाने घासून जातात, तिथे आर्जव आणि बेचैनी दोन्ही येतात. आणि मग पंचमापर्यंत जायचं तर मध्यमाचा आधार नाही. उडी घ्यावीच लागते. तान कितीही वेगाने घेतली तरी प्रत्येक चढणीत ही उडी आहे आणि प्रत्येक उतरणीत पुन्हा आहे. गाणाऱ्याला क्षणभरही बेसावध राहता येत नाही. वसंतराव देशपांड्यांच्या गळ्याला असंच काहीतरी हवं असायचं. त्यांच्या तानेला सरळ रस्त्यापेक्षा वळणाचा रस्ता मानवत असे. ऐकणाऱ्याला वाटतं आता स्वर घसरला, आणि तेवढ्यात तो नेमका जागेवर येऊन बसतो. या चालीत शब्द मागे पडतात, सूर त्यांना ओलांडून जातो. इथला भुंगा कमळात कोंडला गेला आहे आणि आतून धडका देतो आहे. धानीतल्या भुंग्याने कोंडलेपण स्वीकारलं, सालगवराळीतला त्याच्याशी झुंजतो. ध्यास मात्र दोघांचा सारखाच.

इथे रचनाकाराचा न्यायीपणा पाहण्यासारखा आहे. नाटकात खाँसाहेब पंडितजींना हरवून हवेलीत आलेले आहेत, प्रेक्षकांची सहानुभूती पंडितजींकडे. साधा संगीतकार असता तर त्याने पंडितजींची चाल गोड आणि खाँसाहेबांची चाल नुसती कसरतीची केली असती. दोघांची प्रतवारी चालीतूनच लावून दिली असती. अभिषेकीबुवांनी खाँसाहेबांना उलट अवघड आणि देखणा राग दिला. त्यांच्या अहंकारावर नाटक बोट ठेवतं. त्यांच्या विद्येवर संगीत कुठेही बोट ठेवत नाही. त्यामुळेच सदाशिवाची ओढ खरी वाटते. ज्या विद्येसाठी माणूस अपमान गिळतो ती विद्या तितक्या तोलाची आहे, याची खात्री कानाला पटावी लागते. ती खात्री या एका चालीने पटते.

एवढी समदृष्टी कुठून आली, याचं उत्तर बुवांच्या शिकण्यात आहे. जितेंद्र अभिषेकी 1929 साली मंगेशीला जन्मले. पहिले संस्कार वडिलांच्या कीर्तनाचे. मग गिरिजाबाई केळेकर, अझमत हुसेन खाँ, जगन्नाथबुवा पुरोहित, गुलूभाई जसदनवाला. यात अत्रौलीची परंपरा आहे, आग्र्याची आहे, जयपूरची आहे. आपल्याकडे एका घराण्याचा गंडा बांधला की दुसरीकडे बघायचं नाही असा दंडक बराच काळ चालला. बुवा एकेका दारात विद्यार्थी म्हणून उभे राहिले आणि प्रत्येक ठिकाणचं मनापासून घेतलं. सदाशिवाची तहान त्यांना कुणी समजावून सांगायला नको होती. पुढे त्यांनी ‘श्यामरंग’ या नावाने बंदिशी बांधल्या आणि लोणावळ्याला शिष्यांना घरी ठेवून शिकवलं. ज्याने अनेक दारं ठोठावली, त्यानेच आपलं दार उघडं ठेवलं.

या पदाला परंपरेत ठेवून पाहिलं तर त्याचं मोल आणखी कळतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून, म्हणजे 1880 पासून, मराठी नाटकाला गाण्याची सवय आहे. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. ख्यालातल्या अस्सल चीजा त्यांनी मराठी शब्दांत अशा बसवल्या, की खेडोपाडीच्या माणसाच्या ओठी यमन, भूप, बिहाग आले. बालगंधर्वांच्या काळात पद म्हणजे मैफल झाली. एकेका पदाला वन्समोअर, आणि रात्र सरून पहाट. नाटक थांबायचं आणि गाणं चालायचं. अभिषेकीबुवांनी 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून ही घडी बदलली. पद लहान झालं, नेमकं झालं, नाटकातल्या क्षणाशी बांधलं गेलं. 1966 च्या ‘ययाति आणि देवयानी’त ते रागदारीच्या बळावर उभे राहिले, तर ‘लेकुरे उदंड जाली’त बोलता-बोलता गाण्यात शिरणारी हलकीफुलकी धाटणी त्यांनी तितक्याच सहजतेने आणली. पण संगीतच नाटकाचा विषय होतो, चाल हाच युक्तिवाद होतो, असं ‘कट्यार’मध्येच घडलं. ‘घेई छंद’ दोन रागांतून काढून एकाच रागात ठेवा, नाटकाचा एक खांब निखळतो. पद नाटकाला शोभा म्हणून आलेलं नाही, ते नाटकाचा भार वाहतं.

गायकाचं श्रेय यात कमी होत नाही. वसंतरावांशिवाय ती सालगवराळी तशी उभी राहिली नसती, सावकारांशिवाय धानीला ती प्रसन्नता आली नसती. पण कुठल्या गळ्याला कुठला राग द्यायचा, कुणाला आधार द्यायचा आणि कुणाचा आधार काढून घ्यायचा, हे ज्याने ठरवलं त्याचं नावही त्याच दमात घेतलं पाहिजे. आकाशवाणीवर मराठी गाणं लागायच्या आधी कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगतात. त्या शिरस्त्यामुळे कित्येक घरांत शाळकरी पोरांनाही संगीतकारांची नावं पाठ होती. शास्त्रीय मैफलीत हाच शिरस्ता पाळायला काय हरकत आहे? ही बंदिश सदारंगांची, ही गुणीदासांची, ही श्यामरंगांची, एवढं एक वाक्य पुरे. पुढच्या दहा मिनिटांत ऐकणारा वेगळ्या तयारीने ऐकतो.

आमच्याकडच्या तरुण पोरांपैकी पुष्कळांनी हे पद पहिल्यांदा ऐकलं ते 2015 च्या चित्रपटामुळे. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची होती आणि नाटकातली काही जुनी पदंही ठेवलेली होती. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर कसली गाणी लागतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्या हंगामात मी एका ट्रॅक्टरवर हे नाट्यपद मोठ्या आवाजात वाजताना ऐकलं आणि मला मनापासून आनंद झाला. चांगल्या रचनेला थिएटर लागत नाही की गादी-तक्के लागत नाहीत. ती नीट बांधलेली असली की कारखान्याच्या रस्त्यावरही आपला माणूस शोधते. आता त्या पोरांना मूळ ध्वनिमुद्रणं ऐकवणं आपल्या हातात आहे. आधी सावकारांचं, लगेच पाठोपाठ वसंतरावांचं, मध्ये दुसरं काही न लावता. मग पेटीवर ते स्वर दाखवायचे, चार खांब दाखवायचे, मधल्या रिकाम्या जागा दाखवायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि रागसंगीत आपल्यासाठी नाही हा समज तेवढ्यात जातो.

आमच्या त्या बोलण्यात कुणाचा रचनाकार मोठा, हे ठरवायला कुणी बसलं नव्हतं. सदारंगांमुळे ख्यालाला बांधा मिळाला, गुणीदासांनी जुन्या रागांच्या मीलनातून नवं रूप काढलं, सुजानांनी शिकणाऱ्याची वाट सोपी केली, कुमारांनी माळव्याची माती रागात आणली. अभिषेकींकडून मी घेतलं ते हे: जे आपल्यापाशी नाही ते समोरच्यापाशी असू शकतं, आणि त्याच्या गाण्याला त्याचा पुरता सूर द्यायला मन मोठं लागतं. आवडता रचनाकार निवडताना मी ते मन बघतो. चाल गोड असणं ही पहिली अट खरी, पण त्या चालीतून रचणारा माणूस कसा आहे हे कळलं, की आवड श्रद्धेपर्यंत जाते. अभिषेकीबुवांबद्दल माझं तसंच झालं आहे, आणि ज्याला कुणाला हे दोन राग एकामागून एक ऐकायचे असतील त्याने पेटी घेऊन यावं, मी केव्हाही तयार आहे.